बाबाची मशीन, नायर अंकलचा सिग्नल

ज्या मशीनवर बाबा जगून राहिले होते, तीच मशीन ते रोज सकाळी स्वतःच्या हातानं बंद करायचे.

आज वर्ष झालं. आता सांगते.

बाबा हॅम होते. म्हणजे लायसन्सवाले, हौशी रेडिओवाले. रेल्वेतून रिटायर झाले अन् गच्चीवर ही लांबलचक तार ताणली. आई होती तेव्हा म्हणायची, "माझ्या वड्या वाळवाले जागा नाही, अन् ह्यांची तार पहा!"

खटाटोप एकच. शॉर्टवेव्हवरून, रेडिओले लॅपटॉप जोडून, कोझिकोडच्या नायर अंकलशी, तेही हॅमच, मेसेज करायचे. बोलून नाही, टाइप करून. ना टॉवर, ना इंटरनेट.

मी म्हणायची, "बाबा, व्हॉट्सॲप करा नं. लगेच जाते."

"अन् तुफानात टॉवर पडले, मंग?"

"रायपुरात कुठून येईन तुफान?"

"नायरकडे येते नं वं."

झालं. पुढे बोलायची सोय नाही.

आता ह्यातली भानगड ऐका. मेसेज अख्खा जात नाही. दोन-चार शब्दांचा तुकडा जातो. समोरचा कॉम्प्युटर सांगतो, 'मिळालं'. मग पुढचा तुकडा. 'मिळालं' आलं नाही तर तोच तुकडा परत. अन् परत. सिग्नल वर-खाली झाला, की चार ओळींसाठी अर्धी सकाळ खलास. फार वेळ 'मिळालं' नाही आलं तर लिंकच तुटते.

त्यात आमचा पारा, म्हणजे मोहल्ला! सदर बाजारच्या मागची गल्ली. घरोघरी इन्व्हर्टर, एलईडी, ई-रिक्षाचे चार्जर. साऱ्यांची खरखर बाबाच्या रेडिओत.

बाबा खिशातला छोटा रेडिओ घेऊन दारोदार फिरायचे. जिथं खरखर वाढली, ते दार वाजवायचे.

"भैया, आपका चार्जर मेरा सिग्नल खा रहा है. सुबह थोड़ी देर बंद रखोगे?"

लोक हसायचे. पण ठेवायचे बंद. बाबाले नाही म्हणणं कठीण होतं.

मग फुफ्फुसं गेली.

डॉक्टरनं घरी ऑक्सिजनची मशीन लावाले सांगितली. दिवसभर, रात्रभर. नाकात नळी.

दुसऱ्याच सकाळी रेडिओत अशी खरखर, की नायर अंकलचं एक अक्षर लागेना. बाबा छोटा रेडिओ घेऊन उठले. खिडकीपाशी गेले, दारापाशी गेले. काही नाही. मागे वळून मशीनपाशी आले, अन् रेडिओ किंचाळला.

साऱ्या पाऱ्याचं बंद करवलं, अन् चोर निघाला आपल्याच घरात.

बाबा खूप हसले. मी नाही हसली. हा माणूस आता काय करणार, ते मले तेव्हाच समजलं होतं.

फिल्टर लावून पाहिले. लांब नळी घेऊन मशीन मागच्या खोलीत नेली. खरखर कमी झाली, गेली नाही. सिलिंडर होता घरात, पण तो म्हणे लाइट गेल्यावरचा.

आमचं पाठवलेलं नायर अंकलले पोहोचायचं. त्यांचं 'मिळालं' इकडे ऐकू यायचं नाही.

म्हणून बाबा मशीन बंद करायचे. ओठ निळे पडायचे, तरी डोळे स्क्रीनवर.

"काहून बंद केली?"

"थांब वं. शेवटचा तुकडा आहे."

"तुमचा शेवटचा तुकडा कोणता असन, ते दिसून राहिलं मले!"

असं बोलली मी बापाले. बरोबरच बोलली.

मग मी गुपचूप नायर अंकलले फोन केला. सारं सांगितलं. म्हटलं, "अंकल, आप ही बंद कर दो ये सब."

ते म्हणाले, "बेटी, हम बंद करेगा तो वो बैठ जाएगा. हम एकदम धीरे भेजेगा. धीरे वाला शोर में भी निकलता है. उसको मत बोलना."

त्या दिवसापासून एकेक ओळ यायले इतका वेळ लागे, की माझा चहा थंड व्हायचा. पण यायची. मशीन चालू असताना यायची.

बाबा कुरकुरायचे. "नायर म्हातारा झाला. किती हळू पाठवून राहिला!"

तरी एखाद्या दिवशी त्यांचा हात स्विचकडे जायचाच. मग मी स्विचपाशीच खुर्ची टाकून बसायले लागली.

मागच्या वर्षी आजच्या दिवशी, उजाडायच्या आधी, बाबा गेले.

त्या दिवशी मशीन मी बंद केली.

सकाळी हॉलमध्ये माणसं जमली. बाबा मधात. कोपऱ्यात लॅपटॉप अन् रेडिओ, संध्याकाळी त्यांनी ठेवले तसेच चालू. कोणाचं लक्षच नव्हतं.

अन् रोजच्या वेळेले नायर अंकलची लिंक आली. त्यांना काहीच माहीत नव्हतं. लॅपटॉप आपोआप उत्तर देऊन राहिला होता. मिळालं. मिळालं. मिळालं.

आत्या म्हणाली, "बंद कर वं ते. बरं दिसत नाही."

मी बंद कराले गेली. स्क्रीनवर लिहून आलं होतं:

"गुड मॉर्निंग वानखेडे. आज बहुत साफ जा रहा है. एक टुकड़ा भी रिपीट नहीं हुआ. तुमने मशीन बंद किया क्या? पहले चालू करो. हम रुकता है."

मी कीबोर्डवर हात ठेवला, अन् काढून घेतला.

मले लायसन्स नाही. त्यावर उत्तर लिहाचा मले हक्क नाही. मी फोन लावला.

"अंकल, मशीन मैंने बंद की."

त्यांना समजलं. मोठा माणूस, लहान पोरासारखा रडला.

पाऱ्यातले लोक अजूनही सकाळी चार्जर बंद ठेवतात. आता चालू करा, असं मी कोणाले सांगितलं नाही. माझ्यानं होत नाही.

बाबा, मी रोज बोलते तुमच्याशी. तिकडे पोहोचतही असन.

तुमचं 'मिळालं' इकडे ऐकू येत नाही, एवढंच.

नमस्कार करते, बाबा.