हॉलमधली काढलेली भिंत

बदली साताऱ्याला झाली तेव्हा आम्ही नवरा-बायकोनं पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट भाड्यानं घेतला. इमारत जुनी, पण मालकानं आतून सगळं नवं केलेलं. चकचकीत फरशी, पांढराशुभ्र रंग, हॉल आणि स्वयंपाकघर एकच. ती मोकळी जागा बघूनच मी हो म्हटलं होतं.

थोड्याच दिवसांत वरच्या मजल्यावरच्या काकू शेवयांची खीर घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"आवं, हितली भिंत कुठं गेली?"

"मालकांनी काढली. जागा मोठी दिसावी म्हणून."

काकू छताकडं बघत राहिल्या. "तिच्यावरच आमची भिंत हाय वं. तुमच्याकडं काम निघाल्यापास्नं आमच्या मोरीचं दार लागंना झालंय."

त्या गेल्यावर मी स्टुलावर चढून पाहिलं. छताच्या रंगात केसाएवढी चीर होती.

माझं बालपण भूकंपाच्या कोयनानगरला गेलं. भांडी वाजली की अंगणात पळायचं, हादरा थांबला की हसत आत यायचं. इथं कशाची वाट बघायची तेच कळेना. वर कुणी चाललं तरी मी छताकडं बघायचे. मालक फोनवर म्हणाला, "पुट्टीची चीर हाय ती मॅडम, उगं भिऊ नका." आम्ही बेडरूममध्ये बसून जेवू लागलो.

एका रविवारी सकाळी ओट्यावर गिलाव्याचा पोपडा पडला. आधी मला हसणाऱ्या नवऱ्यानंच ओळखीच्या इंजिनिअरला बोलावलं. त्यानं वर पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "बाहेर व्हा. वरच्यांनाही खाली आणा."

मी वर धावले. काकूंनी गॅस बंद केला, डोक्यावरून पदर घेतला. आपल्या वजनानंच सगळं कोसळेल अशा भीतीनं आम्ही दोघी हातात हात धरून, पाय न वाजवता जिना उतरलो.

त्याच दिवशी हॉलमध्ये लोखंडी टेकू लागले. पुढं सगळे रहिवासी मालकाच्या मागं लागले, तेव्हा काढलेल्या भिंतीच्या जागी छताखाली लोखंडी गर्डर बसला. आता धोका नाही, असं इंजिनिअर म्हणाला. तरी माझा त्या घरात पाय ठरेना. आम्ही दुसरीकडं जागा बघितली.

टेम्पोत सामान चढवताना काकू खाली आल्या.

"तुमचं बरं हाय, तुमी भाडेकरू," त्या म्हणाल्या. "आमी कुठं जायचं?"