हॉलंडची शिदोरी

माझी नणंद हॉलंडला जाऊन आली ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे, की आता मी "हॉलंड" म्हटलं की घरातली पोरं चपला शोधायला लागतात. म्हणून या खेपेला लिहूनच काढते. कागद काही उठून जात नाही.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना मुंबई म्हणजे परका मुलूख आणि नागपूर म्हणजे आपलं असंच वाटायचं. राजधानी नागपूरहून हलली तरी त्यांचं मन हललं नव्हतं. नणंद त्या आपल्या नागपूरला शेतकी कॉलेजात शिकत होती. वर्गात पोरी दोनच, ती आणि आणखी एक. शेवटचं वर्ष राहिलं होतं, तेव्हा कॉलेजानं तिला उन्हाळ्यापुरतं हॉलंडला पाठवायचं ठरवलं, दूधदुभत्याचं शिकायला. खर्च सगळा त्यांचा. ही बातमी घरी आली तेव्हा सासूबाई म्हशीची धार काढत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुधाचं शिकायले तिकडं कायले जा लागते? बस म्हना इथं माह्याजवळ."

सासरे बरेच दिवस काहीच बोलले नाहीत. आमचे सासरे न बोलण्यात फार हुशार. समोरचा माणूस बोलून बोलून थकला की मग ते एक वाक्य बोलत आणि ते वाक्य म्हणजे दगडावरची रेघ. तसं ते एक दिवस जेवता जेवता बोलले.

"जाय. पन जशी गेली तशीच वापस ये. जराशी बी बदलेल दिसली, तं नागपूर बंद. शेवटचं वर्षगिर्ष काही नाही. सोयरीक पाहून मोकळा होतो मी."

"हाव बाबा," ती म्हणाली.

मागच्या दारी भांडी घासताना मात्र मला म्हणाली, "वहिनी, इमानात बसून जाईन तं तशीच कशी राहीन वो मी?"

मी म्हटलं, "राहू नको ना. नुसती दिस."

झालं. एवढ्या एका बोलण्यावर मी त्या कटात सामील झाले.

ती परत आली तेव्हा पोळा जवळ आला होता. कॉलेज केव्हाच सुरू झालेलं. आमचे हे तिला आणायला नांदुऱ्याच्या स्टेशनावर गेले, आणि मी सासूबाईंच्या हुकुमानं दमणी, आमची छोटी बैलगाडी, जुंपून वरवट बकालच्या स्टँडपर्यंत. आमचं गाव तिथून पुढे, काळ्या मातीच्या रस्त्यानं. त्या दिवसांत त्या रस्त्यात चाक रुतलं की बैलही तोंड फिरवून आपल्याकडे बघायचे, की आता तुम्ही उतरा.

एसटीतून ती उतरली, मागून आमचे हे तिची पेटी घेऊन. मी वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. वेणी होती, लुगडं नाही पण पातळ होतं, कुंकू होतं. थोडी उजळली होती, पण ते काही कलमात बसत नव्हतं. मी पुढे होऊन तिची पिशवी घेतली, तशी ती म्हणाली, "थँक्यू, वहिनी."

"हे पाह्य बाई," मी म्हटलं, "हे इथंच ठेव. या स्टँडवर. घरी नको नेऊ."

"काय ठेवू?"

"हेच. आता बोलली ते."

तिनं जीभ चावली. आता आजच्या वाचकाला वाटेल, थँक्यूनं काय होतं? आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार मानायची रीत नव्हती. पाणी दिलं तर पाणी प्यायचं. आभार परक्याचे. लेकीनं माईला थँक्यू म्हणणं म्हणजे लेक परकी झाली, हे सांगायला आणखी कोणी नको. सगळ्या रस्त्यानं मी तिची उजळणी घेतली. काट्या-चमच्याचं नाव नाही. तिकडच्या थंडीचं कौतुक नाही. आपल्या रस्त्याला नावं ठेवायची नाहीत. तेवढ्यात चाक रुतलं. आमचे हे बैलांशी झटत राहिले, आम्ही दोघी उतरलो, चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभ्या राहिलो, आणि ती हसून हसून खाली बसायची राहिली.

दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. सासरे ओट्यावर बसूनच होते. त्यांनी लेकीकडे बघितलं. मी दाराआड उभी. तेव्हा सासऱ्यांसमोर बोलायचं नसे, बोललंच तर दाराच्या चौकटीशी बोलायचं आणि त्यांनी ते ऐकायचं. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो सासऱ्यांनी आपल्या हातानं लेकीकडे सरकवला. आणि या बाईसाहेब म्हणाल्या, "थँक्यू, बाबा."

सासऱ्यांनी भुवया वर केल्या. "काय म्हनली?"

मी चौकटीला सांगितलं, "शिंकली वाटते. सर्दी झाली तिले. हवा बदलली ना."

सासरे "अस्सं" म्हणाले. इतका लांब "अस्सं" मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

पण खरी फजिती पुढेच होती. आमच्याकडे लेक बाहेरगावाहून आली की रिकाम्या हातानं येत नाही. शिदोरी आणते, करंज्या, पुरणपोळ्या, जे असेल ते. ती शिदोरी घरात खायची नसते. आधी देवापुढे ठेवायची, मग वाटीवाटीनं सगळ्या भाऊकीत वाटायची. आणि ज्या घरी वाटी जाते, ते घर ती रिकामी परत करत नाही. त्यात चिमूटभर साखर, चार शेंगा, काहीतरी घालतं. लेकीची किंमत गाव त्या वाटीवरून करायचं. सासूबाई पंधरवड्यापासून गल्लीत सांगत होत्या की यंदा हॉलंडची शिदोरी येते.

त्यांनी लेकीची पेटी उघडली आणि कपड्यांखालून एक लाल गोळा काढला. पोरं खेळतात त्या चेंडूएवढा, वरून मेण लावलेला, गुळगुळीत. तिथल्या मास्तरांनी निरोपाला सगळ्यांना एक एक दिला होता.

"हे काय वं?"

"चीज आहे, माय. दुधाचं करतात."

"दुधाचं," सासूबाईंनी गोळा कपाळाला लावला. "मंग तं चांगलंच झालं. सकाळी देवापुढं ठेवू, अन् तुकडे करून वाटू."

नणंदेचा चेहरा पांढरा झाला. मला वाटलं, गोळा वाटायचा तिच्या जिवावर आलंय. चुलीपाशी आल्यावर मला म्हणाली, "वहिनी, ते देवापुढं नाही चालत."

मी कोणतीही बाई विचारेल तेच विचारलं. "काऊन? दुधाचंच हाये ना. त्याले विरजण कायचं घालतात?"

तिनं आधी दाराकडे बघून घेतलं. मग माझ्या कानाशी येऊन सांगितलं. ताकाचं नाही, दह्याचं नाही. लहान वासराच्या पोटातून काढलेलं काहीतरी घालतात, त्यानं दूध घट्ट होतं.

माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. ते सासूबाईंचं कपाळाला लावून झालं होतं! सांगावं, तर माय आणि बाप दोघंही म्हणतील हेच शिकायला पाठवलं होतं का, आणि नागपूर बंद. न सांगावं, तर उद्या देवासकट सगळी भाऊकी बाटते. आणि तेही माझ्या नणंदेच्या हातानं.

मी म्हटलं, "उंदरानं नेला म्हनू."

"एवढा गोळा?"

"दोन उंदीर म्हनू."

तिला हसू आलं, पण डोळ्यांत पाणी होतं. तिनं चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. मग म्हणाली, "मी दुसरा करते. लिंबाचा. आपल्या म्हशीच्या दुधाचा. शिदोरी म्हणून तोच वाटू. शिकून तेच तर आली मी."

सकाळी सासूबाई बाहेर सडा घालत असताना आम्ही दोघींनी धारेचं सगळं दूध पातेल्यात घालून चुलीवर ठेवलं. परसातली लिंबं आणली. दूध वर आलं, तिनं लिंबू कापलं आणि पिळलं. मी डोळे मिटून घेतले. खरंच सांगते. आमच्या घरी दूध नासलं तर सासूबाई त्या दिवशी कुठं गावाला निघत नसत. नासलेलं दूध म्हणजे घराची बरकत गेली. आणि इथे चांगलं, सायीचं, ताजं दूध आपल्या हातानं नासवायचं. मी डोळे उघडले तर पातेल्यात पांढऱ्या चिंध्या आणि हिरवं पाणी. आणि दारात सासूबाई. त्यांच्या मागे शेजारच्या मोठ्या काकू, माझ्या चुलत सासूबाई. त्या रोज सकाळी काहीतरी मागायच्या निमित्तानं येत आणि सगळं बघून जात.

सासूबाईंनी पातेल्यात बघितलं, लिंबाकडे बघितलं, आणि सरळ ओट्याकडे हाक मारली, "अहो, या इकडं. पोट्टीनं दूध नासवलं. हातानं."

सासरे आत आले. स्वैपाकघरात ते कधी येत नसत. मी भिंतीला चिकटले.

"काय शिकली तू तिथं?" त्यांनी विचारलं.

तिनं मान वर करून सांगितलं, "दूध नासवायले, बाबा."

 मग मोठ्या काकूंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माय वं. आमची सून तं घरीच बसल्या जागी रोज नासवते. तिले कोनी इमानात बसवलं नाही बाप्पा."

मी पदर तोंडात धरला. सासऱ्यांच्या मिशा हलल्या का नाही, ते मला दिसलं नाही.

"अन् मंग ते लाल कायले आनलं?" सासरे म्हणाले. "घरचं दूध कायले नासवून राह्यली? तेच वाटा."

"बाबा," ती म्हणाली, "जरा गोठ्यात या."

दोघं गोठ्यात गेली. मीही शेणाची टोपली उचलली. शेण सकाळीच भरून झालं होतं, पण टोपली घेतल्यावर सुनेला कोणी विचारत नाही. म्हशीच्या पलीकडून मी सगळं ऐकलं. तिनं त्यांना विरजणाचं सांगितलं, सरळ, काही झाकलं नाही. उंदीर नाही, काही नाही. सासरे म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत राहिले.

"तू खाल्लं?"

"कळल्यापासून नाही, बाबा."

कळायच्या आधी, हे त्यांनी विचारलं नाही. मीही आजपर्यंत विचारलं नाही.

"वहिनीले माहीत हाये?"

"हाव."

"तिनं काय म्हटलं?"

"उंदरानं नेला म्हनू म्हने."

सासरे म्हशीशी बोलल्यासारखं म्हणाले, "तिच्या माहेरचे उंदीर मोठे असतीन." मी टोपली घेऊन खाली बसले.

मग ते आत गेले. सासूबाईंनी रात्री भिंतीतल्या देवळीत ठेवलेला लाल गोळा उचलला, धोतराच्या सोग्यात धरला, आणि मोठ्या काकूंना ऐकू जाईल असं सासूबाईंना म्हणाले, "याले हात लावू नका. हे कॉलेजचं हाये. नागपूरले नेऊन दाखवा लागते तिले. हे नाही दाखवलं तं पास नाही करत."

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे पोट्टी नागपूरले जाते?"

"मंग हे काय मी नेऊन देऊ?" सासरे म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

मी आणि नणंद एकमेकींकडे बघायलासुद्धा घाबरलो. दगडावरची रेघ अशी पुसली जाते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुसणारा तोंडानं काही कबूल करत नाही, नुसता गोळा उचलून ठेवतो.

नासलेलं दूध मात्र चुलीवर तसंच होतं. सासूबाई कपाळावर हात मारत म्हणाल्या, "आता नासलंच हाये तं पुरं कर बाई." तिनं ते धुतलेल्या फडक्यात बांधलं, खुंटीला टांगलं, मग त्यावर पाटा ठेवून दाबलं. चार घटकांनी फडकं सोडलं तर आत पांढरी शुभ्र वडी. तिनं किसलेला गूळ आणि वेलची घालून ती मळली. देवापुढे ठेवायची का, यावर सासूबाईंनी पुष्कळ विचार केला. नासलेलं ते नासलेलं. शेवटी म्हणाल्या, "देवाले नको. भाऊकीले चालते."

वाट्या वाटल्या गेल्या. हॉलंडची शिदोरी, हॉलंडच्या रीतीची, आमच्या म्हशीची. संध्याकाळपर्यंत वाट्या परत यायला लागल्या. कोणाच्या वाटीत साखर, कोणाच्या वाटीत शेंगा, कोणी ज्वारीची मूठ घातलेली. मोठ्या काकूंची वाटी सगळ्यांत उशिरा आली. झाकण काढलं तर आत दोन पिवळी लिंबं. हा टोमणा होता की आणखी करा असं होतं, यावर आम्ही दोघी पोळ्यापर्यंत भांडलो. सासूबाईंनी ती लिंबं लोणच्यात घातली आणि भांडण मिटवलं.

पोळा झाला आणि ती नागपूरला निघाली. गोळा पेटीतच होता. तोवर त्याचा वास पेटीभर पसरला होता, पण त्या वासाबद्दल घरात कोणी अवाक्षर काढलं नाही. या खेपेला वरवट बकालच्या स्टँडवर सासरे स्वतः आले. पेटी त्यांनी आपल्या हातानं उचलून एसटीच्या टपावर चढवली आणि हात झटकत खाली उतरले. ती खिडकीतून वाकून म्हणाली, "थँक्यू, बाबा." या वेळी चुकून नाही. मुद्दाम म्हणाली.

गाडी सुटली. सासरे ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. मग दमणीकडे येताना, माझ्याकडे न बघता, बैलाच्या शिंगाला म्हणाले,

"सर्दी काही गेली नाही तिची."