मंगलाष्टक टाळण्याचे सात उपाय

परक्या माणसाला जे दिसू नये ते दिसू न देणं, ह्या कामाचा मला गेली पंचवीस वर्षं पगार मिळतो. अंधेरीच्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळतो. नवीन लागलेल्या मंडळींना मी पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगतो, "फोल्डर उघडं टाकलंत की सर्व्हर बिचारा आतल्या सगळ्या फाइलींची यादी येणाऱ्याजाणाऱ्याला प्रामाणिकपणे दाखवतो. एक ओळ लिहायची असते, की यादी बंद! ती ओळ विसरणाऱ्याने ह्या कामात राहू नये." (हे म्हणताना मी चष्मा काढतो. परिणाम चांगला होतो.)

आमच्या सायलीचं लग्न ठरलं आणि लग्नाची साइट करायची निघाली. सायली म्हणाली, "बाबा, तयार मिळतात हो. फोटो टाकले की झालं."

"मी घरात असताना तयार साइट? लोक काय म्हणतील?"

लोक पुढे काय म्हणाले ते सांगायलाच बसलोय.

साइट मी केली. पत्रिका, हॉलचा नकाशा, साखरपुड्याचे फोटो. शिवाय मी, बायको नंदा, सायली आणि मेहुणा सुनील अशा चौघांना तयारीचे कागद एका जागी सापडावेत म्हणून तेही पत्रिकेच्या फोटोशेजारी, त्याच फोल्डरमध्ये ठेवून दिले. फाइलींच्या नावाबाबत माझा एक कडक नियम आहे. नाव असं हवं की फाइल उघडायची गरजच पडू नये. त्यामुळे नावं अशी होती: 'पाहुणे-पक्के', 'पाहुणे-नाइलाजाने', 'वरपक्ष-खोचक-मंडळी', 'साड्या-आलेल्या-पुढे-खपवायच्या'.

नंदाने विचारलं, "अहो, हे बाकी कोणाला दिसणार नाही ना?"

"अगं, साइटवर त्याचा उल्लेखच नाही, तर दिसेल कुठून?"

(ऑफिसात असं कोणी म्हणालं असतं तर मी त्याला दिवसभर फैलावर घेतलं असतं!) ती एक ओळ मी उद्या लिहिणार होतो. पण उद्या केटररकडे चव बघायला जायचं होतं, आणि परवा त्या चवीमुळे घरीच थांबावं लागलं.

माझी थोरली बहीण, आक्का, मुलुंडला राहते. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, पण अजून रिक्षावाल्यालासुद्धा "नीट बस" म्हणते. मी सहा वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावरही मी तिला घाबरतो आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

शनिवारी दुपारी मी फॅमिली ग्रुपवर पत्रिकेच्या फोटोचा पत्ता (म्हणजे लिंक) पाठवला. सगळ्यांनी त्यावर बोट टेकवलं, पत्रिका बघितली, हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आक्काला फोनवरची अक्षरं बारीक वाटतात. तिने तो पत्ता वहीत उतरवून घेतला आणि कॉम्प्युटरवर एकेक अक्षर शोधत टाइप केला. शेवटी फोटोचं नाव आलं, वीसएक आकड्यांचं. एवढं कोण लिहीत बसणार, म्हणून तिने ती शेपटी सोडून दिली आणि बटण दाबलं. शेपटी कापली की उरतो तो फोल्डरचा पत्ता. माझ्या सर्व्हरने प्रामाणिकपणे सगळी यादी तिच्यापुढे मांडली.

पाच मिनिटांत फोन.

"बाळा, बघितली रे तुझी साइट. झकास! उगाच नटवानटवी नाही. सगळं एकाखाली एक, ओळीत."

मी फुललो. "आक्का, पंचवीस वर्षं हेच तर करतोय."

"मी ग्रुपवर टाकलं पण, 'सर्वांनी अवश्य पाहावे' म्हणून. आता सावकाश वाचत्ये. काय रे, ही माझ्या नावाची फाइल कसली?"

"तुझ्या नावाची?"

"ही काय, 'आक्का-मंगलाष्टक-टाळण्याचे-उपाय-अंतिम-२'."

मी चष्मा काढला. ह्या वेळी परिणाम काही झाला नाही.

इथे थोडं मागे जायला हवं. आमच्याकडे लग्नात घरच्या बायका स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणतात. इतर घरांत एखादी काकू दोन कडवी म्हणते आणि लाजून मागे सरते. आक्का लाजत नाही! चुलतभावाच्या लग्नात तिने नऊ कडवी म्हटली. अंतरपाट धरणाऱ्यांनी चारदा हात बदलले, लोकांच्या अक्षता संपल्या, आणि शेवटच्या तीन कडव्यांना सगळा हॉल खाली वाकून जमिनीवरच्या अक्षता गोळा करत होता. चाल म्हणाल तर पहिलं कडवं ज्या सुरात सुरू झालं तो सूर पुन्हा कोणाला भेटला नाही. सायलीसाठी तिने अकरा कडवी तयार ठेवली होती.

"आक्का, ते... ते ऑफिसचं आहे गं."

आक्का चिडली की शाळेची भाषा संपते आणि मालवणी सुरू होते. "तुझ्या ऑफिसात पण आक्का आसा? ती पण मंगलाष्टकां म्हणता? माका शिकवतंस? मी येवचंय नाय लग्नाक! तुमचा तुम्ही करा!"

फोन बंद. मी खुर्चीत बसलो तोवर सुनीलचा फोन.

"भावोजी, मी 'नाइलाजाने'मध्ये?"

"अरे, तू नाही. तुझे सासू-सासरे."

"ते इथे शेजारीच बसलेत. स्पीकर चालू आहे."

त्यानंतर विहीणबाई! सायलीने कौतुकाने त्यांनाही आमच्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. आवाजात साखर. "खोचक मंडळींत माझं नाव पहिलं घातलंत. एवढा मान कोण देतं हो आजकाल?" मागोमाग नंदाची मावशी विचारू लागली की तिने दिवाळीला दिलेली जांभळी साडी 'पुढे खपवायच्या'मध्ये चौथ्या नंबरवर का आहे आणि पहिल्या तीन कोणाच्या आहेत.

मी धावत कॉम्प्युटर गाठला आणि ती एक ओळ लिहिली. यादी बंद! दहा सेकंदांचं काम. मी समाधानाने पाठ टेकली.

आता पत्ता उघडणाऱ्याला यादीऐवजी सर्व्हर एक सूचना दाखवत होता: 'फॉरबिडन. तुम्हाला इथे यायची परवानगी नाही.' जगभर हीच सूचना येते, त्यात वैयक्तिक काही नसतं. पण हे ग्रुपवरच्या पन्नास नातेवाइकांना कोण सांगणार? आक्काने पाठवलेला पत्ता ज्याने उघडला त्याला वाटलं, मी त्याचं नाव घेऊन हाकललंय.

"भावोजी, आधी नाइलाजाने बोलावलंत, आता सरळ मनाई?" इति सुनील.

"लग्नाला यायचं नाही, असं तोंडावर तरी सांगायचं!" इति मावशी.

मी ग्रुपवर लिहिलं, 'कृपया गैरसमज नसावा, हे सुरक्षेसाठी आहे.' त्यावर विहीणबाईंनी विचारलं, 'कोणापासून?'

एवढ्यात सायली खोलीतून आली. "बाबा, तुम्ही फक्त यादी झाकलीत. फाइली तिथेच आहेत. ज्याच्याकडे थेट फाइलचा पत्ता आहे, त्याला अजून उघडतात."

"मला शिकवू नकोस! मला माहीत आहे!" मी ओरडलो आणि गुपचूप सगळ्या फाइली पुसल्या.

सायली गेली नाही. "आत्या येणार नाही म्हणते. खरं?"

"येईल गं. रागावलीय जरा."

"आत्या नसेल तर मी अंतरपाटामागे उभी राहणार नाही. तुम्ही राहा!" तिचे डोळे भरले होते. आम्ही दोघं नोकरीला, म्हणून ह्या पोरीची सात वर्षं आत्याकडे मुलुंडला गेली होती. आत्याला कोणी टाळलेलं तिला कसं चालेल? मला फार लाज वाटली. जांभळ्या साडीचं काय व्हायचं ते होवो, पण आक्काशिवाय लग्न मलाही नको होतं.

रविवारी सकाळी नंदाला घेऊन मुलुंड गाठलं. आक्काने दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर एक कागद ठेवला. माझे सात उपाय. तिने छापून घेतले होते आणि लाल पेनने तपासले होते!

'१. आक्काला मुहूर्त अर्धा तास उशिराचा सांगणे.' समोर लाल शेरा: लबाडी.

'२. पहिलं कडवं संपताच सुनीलने बँडला खूण करणे.' शेरा: सुनीलला कडवं कधी संपतं ते कळणार नाही.

'३. माइक अचानक बंद पडणे.' शेरा: मला माइक लागत नाही.

'४. आक्काचा चष्मा नंदाने सांभाळायला घेणे.' शेरा: पाठ आहे.

असे सातही. खाली गुण: सातापैकी शून्य.

"आक्का, चुकलं गं."

"चुकलंच. नको होतं तर तोंडावर सांगायचं. माझा आवाज कसा आहे ते मला ठाऊक नाही का? शाळेत प्रार्थनेला मला कधी कोणी पुढे उभं केलं नाही." ती कागदाची घडी घालत बसली. "तुझ्या लग्नात आई हवी होती. ती नव्हती, म्हणून तिच्या वाटची दोन कडवी मी म्हटली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात म्हणते. एवढंच."

माझ्या लग्नात तिने का म्हटलं, हे मला आजवर माहीत नव्हतं! मी तिचा हात धरला. "तू म्हण. सायलीच्या लग्नात सगळी म्हण."

"सगळी?" नंदाच्या तोंडून निघून गेलं.

"अकराच्या अकरा," मी म्हणालो.

आक्काने डोळे पुसले आणि वही ओढली. "बारा आहेत आता. काल रागात एक झालं."

बोरीवलीच्या हॉलमध्ये लग्न लागलं. पक्के आले, नाइलाजाचे तर सगळ्यात आधी आले, मावशी मुद्दाम जांभळीच साडी नेसून आली. आक्का उभी राहिली आणि तिने पहिल्याच ओळीला सूर सोडला. तिसऱ्या कडव्यात आईचं नाव आलं. मला वाटलं, घशात अक्षत अडकली. पण ते रडू होतं. आधी हुंदका, मग मोठा हुंदका, आणि पाचव्या कडव्यापासून मी व्यासपीठावरच, अडीचशे माणसांपुढे, भोकाड पसरलं. माझ्याजवळच माइक होता, ह्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. व्हिडिओत आक्काची शेवटची आठ कडवी ऐकूच येत नाहीत. माझंच रडणं येतं. आक्का मधे एकदा थांबून "गप रे, बाळा" म्हणते, तेवढं मात्र स्पष्ट ऐकू येतं.

पुढच्या महिन्यात सुनीलच्या मुलाचं लग्न आहे. साइट सायलीने केलीय, यादी पक्की बंद. तयारीत माझ्या नावाचीही एक फाइल आहे, 'भावोजींचं रडणं टाळण्याचे उपाय', आणि ती आक्काने लिहून, तपासून दिलीय म्हणे. आत काय आहे मला ठाऊक नाही. पण त्यातला एकही उपाय चालणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. पत्रिका हातात आली तेव्हाच मी दोनदा रडून घेतलंय.