एकसारखे छर्रे

माझा नवरा तांदूळ कधी निवडत नाही, पण छर्रे निवडतो, आणि तेही इतकं मन लावून की बघणाऱ्याला राग यावा. एअर रायफलचा छर्रा शिशाचा असतो, मिऱ्याच्या दाण्याएवढा, पुढून सपाट आणि मागून पोकळ. एका डबीतले सगळे छर्रे दिसायला सारखेच. काट्यावर ठेवले की मात्र कोणी जरा जड निघतो, कोणी जरा हलका. जड छर्रा सावकाश जातो, हलका जोरात, आणि लक्ष्यावर ते वरखाली लागतात. फरक केसाएवढा. पण आमच्या लेकीच्या खेळात गुण दशांशात मोजतात, आणि तेवढ्या फरकावर कोणी संघात जातं, कोणी घरी.

नवरा कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे. दोन वस्तू एकसारख्या निघाल्या नाहीत की त्याला जेवण जात नाही. सिंगापुरात रायफल घरी ठेवायची सोय नाही, ती क्लबातच कुलपात असते, आणि आम्ही छर्रेही तिथेच ठेवतो. त्यामुळे हा दर शनिवारी पुंगोलच्या घरून आपला नाजूक काटा पोटाशी धरून एमआरटी मेट्रोने क्लबात जायचा आणि कोपऱ्यातल्या टेबलावर छर्रे तोलत बसायचा. मग रायफल शिकंज्यात आवळून, वेग मोजायच्या यंत्रासमोर लेक एकेक छर्रा उडवायची. पावसाळाभर हे चाललं. शेवटी यंत्रावरचे आकडे एकमेकांना इतके चिकटले की कोचनेही मान डोलावली. त्या छर्ऱ्यांची डबी नवऱ्याने निवड चाचणीसाठी बाजूला काढली. तिला कोणी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद.

आता माझं ऐका. अट मी घातली होती. यंदा संघात निवड झाली तर खेळ चालू, नाही झाली तर रायफल बंद, कारण पुढच्या वर्षी ए लेव्हल, म्हणजे इथली बारावी. मी बँकेत ऑडिटमध्ये आहे, ढिलाई माझ्या स्वभावात नाही. लेक फक्त "ओके, डील" म्हणाली होती. तेव्हापासून घरात ती हसायची कमी झाली. मला ते दिसत होतं आणि मी त्याला अभ्यासाचा ताण म्हणत होते.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी बँकेतून मी थेट क्लबात गेले. एकदा शेवटचं तपासून घेऊ, असं नवऱ्याचं म्हणणं. लेकीने बाजूला काढलेली डबी उघडली, पहिला छर्रा भरला, उडवला. आकडा नेहमीचा. दुसरा खाली आला. तिसरा वर गेला. चौथा इतका खाली की नवऱ्याने यंत्राला टिचकी मारली, जणू चूक त्या बिचाऱ्याची.

"हवेचं प्रेशर बघ," मी म्हटलं.

"बघितलं."

"सिलिंडर बदल."

बदलला. आकडे तसेच सैरभैर. नवऱ्याचा चेहरा पडत चालला होता, आणि त्याचा चेहरा पडला की माझं डोकं तापतं. "महिनोन् महिने काय तोलत होतास मग? पसाभर छर्रे सांभाळता येईनात!" मी एवढ्या जोरात बोलले की शेजारच्या लेनमधल्या बाईने कानावरचा हेडफोन उचलून पाहिलं.

"आई, प्लीज लाह," लेक इथल्या पोरांच्या सुरात पुटपुटली. "मीच बिघडलेय. माझा हातच गेलाय."

"रायफल शिकंज्यात आहे," नवरा म्हणाला. "तुझा हात यात येतोच कुठे?"

तिचे ओठ पांढरे पडले होते. कोच लांबूनच म्हणाला, "आंटी, क्लोजिंग टाइम हा." ही पोर उद्या या छर्ऱ्यांवर उभी राहणार होती आणि तिचा खेळ माझ्या एका शब्दावर टांगलेला होता.

शेवटी नवऱ्याने रायफलची नळी साफ करायला घेतली. त्यासाठी पांढऱ्या लोकरी फेल्टच्या छोट्या गोळ्या असतात, त्या नळीतून आरपार ढकलायच्या. एरवी त्या शिशाने काळ्या होऊन निघतात. ही निघाली ती कडेने पिवळी. नवरा म्हणाला, गंज असेल. मी ती बोटांत धरून चुरली. वीस वर्षं ओटा पुसणाऱ्या बाईला तो पिवळा सांगावा लागत नाही.

"हळद आहे ही," मी म्हटलं.

मी नवऱ्याकडेच वळले. खंडेनवमी नुकतीच होऊन गेली होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात. हत्यारं म्हणजे आता स्क्रूड्रायव्हर, लॅपटॉप, माझा कुकर आणि उबीन बेटावर नेतो ती घडीची सायकल. टेक्का बाजारातून झेंडू आणायचा, प्रत्येकाला हळदकुंकू लावायचं. "इथेही पूजा केलीस? या डबीची?"

"वेडी आहेस का? मी? त्या डबीला मी फुंकरही मारत नाही!"

"मी केली," लेक म्हणाली.

ही तीच मुलगी, जी पूजेच्या वेळी मोबाइलमधून मान वर काढत नाही आणि "कुकरची पूजा, सीरियसली?" म्हणून हसते. तिने देव्हाऱ्यातली हळदीची चिमूट टिश्यूत बांधून क्लबात आणली होती. डबी उघडून छर्ऱ्यांवर वाहिली, हात जोडले, आणि मग कोणी बघेल या भीतीने सगळं फुंकून, पुसून टाकलं. वरून छर्रे स्वच्छ झाले. मागच्या पोकळीत काय राहिलं, ते तिच्या लक्षात आलं नाही. कुणात जास्त, कुणात कमी, कुणात काहीच नाही.

"सगळ्यांच्या वस्तूंना लावलं होतं," ती म्हणाली. "फक्त माझंच सामान क्लबात राहिलं होतं. आणि मला खूप भीती वाटत होती, आई."

माझ्या जिभेवर चांगलं खरमरीत काहीतरी आलं होतं. ते मी गिळलं. नवऱ्याने डबी मिटली आणि कोचकडून क्लबातली साधी, न तोललेली डबी मागून घेतली. तोलायला वेळ नव्हता. दिवे मालवायला सुरुवात झाली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही काचेमागे बसलो. नवऱ्याचा पाय सारखा हलत होता, मी त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला होता. लेक एकदाही मागे वळली नाही. शॉट चांगले जात होते, मधेच एखादा घसरत होता, आणि प्रत्येक घसरलेल्या शॉटला नवरा पुटपुटायचा, "छर्रा हलका होता." शेवटच्या मालिकेत ती रायफल खांद्याला लावायची, खाली ठेवायची, पुन्हा लावायची. मी मनात देवाला काहीबाही कबूल करत होते.

यादीत तिचं नाव शेवटच्या निवडलेल्या मुलीच्या लगेच खाली आलं. काही दशांशांनी हुकलं.

ती जाड जाकीट खांद्यावर टाकून बाहेर आली. नवरा लगेच सुरू झाला, "अगं, ते दोन शॉट छर्ऱ्यांमुळे गेले. आपली डबी असती ना..."

"नको, बाबा." तिचा आवाज शांत होता. "ते दोन्ही शॉट माझे होते. मी घाई केली. मला कळलं होतं सोडतानाच."

मग तिने जाकीट माझ्या हातात दिलं. "डील इज डील, आई. लॉकर आजच रिकामा करू या?"

ते जाकीट घामाने ओलं होतं आणि भलतंच जड. ही सबब सांगेल, रडेल, माझ्याशी भांडेल, अशी तयारी करून मी आले होते, माझी उत्तरंही तयार होती. यातलं काहीच तिने केलं नाही. दिलेला शब्द कसा पाळायचा, ते मीच तिला शिकवलं होतं, आणि त्या क्षणी मला त्याचा मनापासून संताप आला.

"उगाच शहाणपणा करू नकोस," मी म्हटलं. "पुढच्या शनिवारी प्रॅक्टिस किती वाजता आहे, तेवढं सांग."

"नऊ," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.