चतुराबाईंचा डावा हात

चतुराबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या वर्गाच्या दारात, हातात खुरपं घेऊन. चकलांब्याच्या शाळेत रुजू होऊन मला तीनच महिने झाले होते. त्यांची पौर्णिमा पहिलीत होती आणि डाव्या हातानं पाटीवर लिहायची. मी त्या काळच्या मास्तरांसारखाच मास्तर. तिचा डावा हात रुमालानं कमरेशी बांधून ठेवला होता.

"गुरुजी, पोरीचा हात कावून बांधला?"

"सवय लागावी म्हणून. सगळे उजव्यानं लिहितात."

"माझ्या मायनं बी बांधला व्हता. ताटात डावा हात गेला की उलथनं बसायचं. जेवायचं तेवढं उजव्यानं शिकले. बाकी समदं काम डाव्यानं करती अन गड्यांना मागं टाकती. सोडा तिचा हात."

मी रुमाल सोडला. पौर्णिमा आता बीडला पोस्टात आहे आणि डाव्या हातानं शिक्के मारते.

बदल्या होत राहिल्या, पण निवृत्त झाल्यावर मी घर बांधलं ते चकलांब्यातच. चतुराबाईंची गोफण तेव्हाही गाजत होती. ज्वारी दाण्यात आली की शेतातल्या माळ्यावर, म्हणजे चार मेढींवर बांधलेल्या मचाणावर, त्या उभ्या राहायच्या. डोक्याभोवती गोफणीचे दोन फेरे, मग फट्टकन आवाज, आणि शेताच्या पार टोकाचा थवा उठायचा. दगड पाखराला कधी लागला नाही. "मारायचं न्हाई, उठवायचं," असं त्यांचं म्हणणं. पाखरांच्या त्रासापायी गावातल्या निम्म्या लोकांनी ज्वारी सोडली. त्यांच्या शेतात मात्र दर वर्षी कणसं डोलायची.

मागच्या आषाढात त्या धुऱ्यावरच, म्हणजे शेताच्या बांधावर, चक्कर येऊन पडल्या. छातीचे ठोके बत्तीसवर आले होते. मुलगा नवनाथ त्यांना संभाजीनगरला घेऊन गेला. पेसमेकर बसवायचं ठरलं. डॉक्टरांनी नवनाथला विचारलं, "आजी जेवतात कोणत्या हातानं?" ज्या हाताला काम जास्त, त्याच्या दुसऱ्या बाजूला यंत्र बसवायचं, असा त्यांचा हिशेब. नवनाथ म्हणाला, उजव्या. त्या धांदलीत त्यानं विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं, आणि ते खरंही होतं. यंत्र बसलं डाव्या खांद्याखाली.

सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं दवाखान्यात सांगितलं होतं. घरी येईपर्यंत त्यातले सहा आठवडे गळून पडले आणि 'हात वर न्यायचा नाही' एवढंच उरलं. नवनाथनं उपरण्याची झोळी करून हात गळ्यात बांधला. तीन महिने तो बांधलेलाच राहिला.

अश्विनात मी गेलो तेव्हा त्या ओसरीवर बसल्या होत्या. चेहऱ्यावर चांगलं तेज होतं.

"गुरुजी, आदी चार पायऱ्या चढले की धाप लागायची. आता वेशीपातूर जाऊन येती. अंगात लई दम आलाय, अन ह्यांनी मला दावणीला बांधलंय."

"माय, यंत्राची तार निसटली म्हंजी?" नवनाथ आतून म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "यंदा हरभराच पेरावा म्हणतो, गुरुजी. ज्वारीची राखण कोण करणार?"

"मी करती. पेर तू."

"कोणत्या हातानं?"

दुसऱ्या दिवशी चतुराबाईंनी परसात उजव्या हातानं गोफण फिरवली. दगड सुटला तो मागं, थेट शेजारच्या बंकटच्या पत्र्यावर.

बंकट धावत आला. "वैनी, पाखरं तिकडं हायेत की!"

"तुज्या पत्र्यावर बी बसतेत की कवाबवा," चतुराबाई म्हणाल्या. पण घरात जाऊन त्यांनी गोफण खुंटीला अडकवली.

त्या आठवड्यात तपासणी होती. मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि हात का बांधलाय म्हणून विचारलं. झोळी सोडून हात वर न्यायला सांगितला, तर तो छातीपर्यंतच आला.

"तुमी जेवायचा हात इचारला," चतुराबाई म्हणाल्या. "कामाचा कुठं इचारला?"

डॉक्टर म्हणाले, "चुकलंच माझं, आजी. पण यंत्र उत्तम चाललंय, तारा जागेवर पक्क्या बसल्यात. हात आखडलाय तो बांधून ठेवल्यानं. आता हलवायचा. काम काय करता?"

त्यांनी पदराची गोफण करून दाखवली. डॉक्टर हसले. रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, खांदा मोकळा झाला की रिकामी गोफण फिरवायची, आणि पुन्हा तपासल्याशिवाय दगड घालायचा नाही, असं त्यांनी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. तो कागद नवनाथकडून काढून घेऊन चतुराबाईंनी स्वतःच्या कनवटीला लावला.

भिंतीवरच्या रेघा मी आखल्या, खडूनं, खालून वर, एकावर एक अकरा. पहिल्या दिवशी बोटं तिसरीवर अडली.

"लई वर काढल्या तुमी रेघा!"

"पौर्णिमाच्या वेळचं देणं फेडतोय," मी म्हणालो.

"मग खोडू नका." आणि त्या भिंतीला शिव्या देत पुन्हा पहिल्या रेघेपासून लागल्या. सून अंजली रोज संध्याकाळी येऊन रेघ मोजायची. पाचवी झाली, सातवीवर पंधरा दिवस गेले. आठवीला नवनाथनं मुकाट्यानं एक एकर ज्वारी पेरली. दुसऱ्या एकरात हरभरा टाकला, कारण भरवसा त्याला अजून निम्माच होता.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी होकार दिला. पहिल्या दिवशी नवनाथ माळ्याखाली उभा राहिला, मीही होतो.

"माय, दोनच दगड."

"तू खाली पाखरं मोजायला थांबलास का माझे दगड?"

पहिला दगड शेताच्या मध्यातच पडला. दुसरा त्याच्या थोडा पुढं. त्यांनी खांदा फिरवला, दम घेतला, पदर खोचला. तिसऱ्या दगडाला फट्टकन आवाज झाला आणि पलीकडच्या टोकाचा सगळा थवा बाभळीवरून उठला.

"दुखतंय का?" नवनाथनं विचारलं.

"न्हाई. आखडलाय जरा. माझाच हाय, येईल वळणावर."

मग त्या बसल्या, कारण कागदावर मधे थांबायलाही सांगितलं होतं. तेवढा वेळ पत्र्याचा डबा वाजवून त्यांनी पाखरं उडवली.

यंदा नवनाथनं दोन्ही एकर ज्वारीच पेरली आहे. चतुराबाई आता सत्तर वर्षांच्या आहेत. सकाळी माळ्यावर असतात, आणि 'आता कुणी बी इचारलं तरी कामाचा अन जेवायचा हात एकच' म्हणत दुपारी घरी येऊन डाव्या हातानं जेवतात.