तळ्याकाठचं गवत

सगळे तिला चेष्टेनं बोलकी म्हणायचे, कारण ती माणसांपेक्षा मेंढरांशीच जास्त बोलायची. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्यानं तिला पहिलं काय शिकवलं असेल, तर मेंढीची खालची पापणी उलटून बघायला. आत लालसर असेल तर ठीक. पांढरीफटक दिसली की समजायचं, पोटातले जंत रक्त पितायत. "आणि तळ्याकाठी चारायची नाहीत. ओल्या गवताला जंतांची पिल्लं चिकटलेली असतात. वरचा माळ कोरडा, तिकडंच न्यायची." जेवतानासुद्धा हेच. त्याला दुसरा विषयच नव्हता.

मग तो अंथरुणाला खिळला. कमरेखालचं अंगच गेलं. कूस बदलायलाही ती लागायची. मूलबाळ नव्हतं. थोरली जाऊ आपल्या संसारातून वेळ काढून कधीमधी डोकावायची. माळावर जायचं तर सगळा दिवस मोडणार. शेवटी मन घट्ट करून तिनं कळप तळ्याकाठी सोडला. त्याची हाक तिथवर ऐकू यायची.

हळूहळू मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज लोंबू लागली. नेहमीचं औषध पाजलं, गुण येईना. जनावरांच्या डॉक्टरांनी लेंड्या तपासल्या.

"जंतांना हे औषध अंगवळणी पडलंय, काकी. दुसरं देतो. पेंड वाढवा, अंगात ताकद असेल तरच तग धरतील. पण आधी तळं सोडा."

"तळं सोडलं तर ह्यांच्या तोंडात पाणी कोण घालणार?"

डॉक्टरांनी नव्या औषधाची बाटली तिच्या हातात ठेवली.

मेंढ्या मरत गेल्या. घरात मात्र ती सांगायची, "गुबगुबीत झाल्यात एकेक."

एका संध्याकाळी तो म्हणाला, "मेंढरांचा ओरडा कमी झालाय गं."

ती चूल फुंकत राहिली.

"तळ्यावर नेतेस ना? माझ्यापायी?"

"तुम्ही गप पडा बघू."

"मला राहू दे एकटं. मेंढरं वाचव."

"मेंढरं काय, पुन्हा होतील," म्हणून तिनं तोंड फिरवलं. त्यानं तिचा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

थंडी सरता सरता तो गेला.

उरलीसुरली मेंढरं घेऊन ती माळावर जाऊ लागली. नवं औषध, पेंड, कोरडा चारा, सगळं लागू पडलं. एक मेंढी तर जुळी व्याली. जाऊ म्हणाली, "बघ, उभा राहतोय की कळप. हस जरा."

"हो," ती म्हणाली, आणि कोकरांचं अंग पुसत राहिली. आता माळावर बसायला तिला सगळा दिवस मोकळा होता.