वन्संचे कपडे आणि शेवटचं बंदर

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, जन्मभर इस्पितळाच्या शिवणखोलीत बसल्या. फाटक्या चादरी, पडदे, डॉक्टरांचे डगले, सगळं त्यांच्या मशीनखालून जायचं. बोलणं अगदी कमी. त्या दिवसभरात जेवढं बोलतात, तेवढं मी चहा गाळता गाळता बोलते. नवरा लवकर गेला, एकच लेक, ती एकटीने वाढवली. लेक परदेशी नोकरीला निघाली, तेव्हा वन्संच्या तोंडून गेलं, "जायचं तर जा, पण मग मला आई म्हणू नकोस."

कमी बोलणाऱ्यांचं हे असं असतं. एकदाच बोलतात आणि नेमकं नको ते. मी रोज शंभर वेळा नको ते बोलते, कुणी मनावरसुद्धा घेत नाही.

सहा वर्षं मायलेकी गप्प. शेवटी वन्संनीच कळवलं, 'अमुक बोटीने येतेय.' उत्तर आलं नाही. तरी निघाल्या. विमानात पाय ठेवायला घाबरतात, म्हणून बोट. भावाने सोबत जायचं, तर ह्यांना तळ्यातल्या होडीतही मळमळतं. मग मी. हे म्हणाले, "तू असलीस की ताईला बोलावं लागणार नाही." लग्नानंतर नवऱ्याने केलेलं हे एकमेव कौतुक!

वाटेतली सगळी बंदरं मी पालथी घातली. वन्सं केबिनमध्ये बसून एक करडा झगा हाताने शिवत होत्या. लेकीसमोर नीटनेटकं उभं राहायचं होतं. मी समुद्राविषयी बोलायचे, त्या "हं" म्हणायच्या. आमचं छान चाललं होतं.

बोटीचा नियम असा, की शेवटच्या संध्याकाळी बॅगा भरून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या. बोटीवरची माणसं त्या उचलतात आणि सकाळी थेट धक्क्यावर देतात. वन्सं जेवून, गाऊन घालून लवकर झोपल्या होत्या. मला शिस्तीचा झटका आला. असा झटका मला क्वचित येतो आणि आला की कुणाचं तरी नुकसान करून जातो. कपाट, खण, खुंटी, सगळं रिकामं केलं, बॅगा बाहेर ढकलल्या, स्वतःचीच पाठ थोपटली आणि आळसाने अंगावरच्या कपड्यांतच झोपले.

सकाळी वन्सं रात्रीच्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये खुंटीसमोर उभ्या.

"वहिनी, माझा झगा?"

मी खुंटीकडे पाहिलं. खुंटी माझ्याकडे पाहत होती.

"बॅगेत," मी म्हटलं.

मला वाटलं, आता तरी ओरडतील. तर त्या पलंगावर बसल्या. चेहऱ्यावर सुटल्यासारखे भाव. "बरं झालं. या अवतारात कशी उतरू? तू जा. मी ह्याच बोटीने परत जाते."

"वन्सं, समोर धक्का दिसतोय!"

"ती आलीच नसेल तर? त्या गर्दीत मी कुणाकडे बघत उभी राहू?"

इतकं लांब वाक्य मी त्यांच्याकडून प्रथमच ऐकलं. मी सरळ माझे कपडे काढायला लागले.

"अगं, हे काय करतेस?"

"घाला हे. गाऊन इकडे द्या."

माझ्या कपड्यांत वन्संसारख्या दोघी मावतात. त्यांनी कमरेला गाठ मारली. त्यांचा गाऊन मला डोक्यातून गेला, पोटाशी अडला. उरलेल्या माझ्यावर मी पलंगावरची चादर गुंडाळली. जिन्यावर केबिन आवरणारा मुलगा मागे धावला, "मावशी, चादर बोटीची आहे!" मी म्हटलं, "बाळा, आत मी आहे. सोडवून घ्यायची असेल तर बघ." तो जागच्या जागी थांबला.

धक्क्यावर लोक गळ्यात पडत होते, फुलं देत होते. आमच्याकडे कुणी आलं नाही. गर्दी विरळ झाली. वन्संनी माझा दंड धरला. "चल वहिनी, बॅगा घेऊ." आवाज अगदी कोरडा. मी चादर सावरत वळले, ती पायात आली आणि मी बॅगांच्या ढिगावर उताणी. सगळा धक्का हसला.

एक हसणं थांबेचना. खांबाआडून येत होतं.

"मामी?" लेक पुढे आली. बाई केव्हापासून तिथे उभी होती, देव जाणे. आईपासून चार पावलांवर थबकली. दोघी एकमेकींकडे बघतायत, आणि मी खाली आडवी, उठायचं की नाही ते ठरवतेय.

"हे कुणाचे कपडे घातलेस?" लेकीने विचारलं.

"तुझ्या मामीचे."

"आणि मामीने?"

"माझा गाऊन. पोटाशी उसवलाय बघ पार."

सहा वर्षांनी मायलेकी बोलल्या, त्या माझ्या पोटाविषयी. तेही तब्येतीत, चवीने. बोलता बोलता लेकीने आईच्या कमरेची सैल गाठ सोडून नीट बांधली, आणि गाठ बसली तरी हात काढला नाही. "आई," ती म्हणाली, "घर इथून जवळच आहे."

वन्संनी मान हलवली. दोघी चालायला लागल्या.

"अहो, मला कुणीतरी उठवा!" मी ओरडले. दोघींनाही ऐकू गेलं नाही.